जीपचे डोके आणि अक्काचे डोळे

मोटारीच्या इंजिनाला डोके असते, ते तापते, आणि तापले म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या डोक्याप्रमाणेच ते सर्वांना महाग पडते, हे ज्ञान मला दोनदा विकत घ्यावे लागले. पहिल्या वेळी ३८ हजार रुपयांना आणि दुसऱ्या वेळी साडेसतरा हजारांना. त्यातले स्वस्तातले ज्ञान अधिक खरे निघाले, म्हणून या दिवाळीत ते वाचकांना फुकट वाटावे असा विचार आहे.

चकली-चिवड्याच्या ताटाशेजारी हे ग्रीस-ऑइल कशाला, असे कोणी म्हणेल. पण हकीकत नुसती इंजिनाची नाही. ती माझ्या थोरल्या बहिणीचीही आहे.

आमची अक्का लग्न होऊन मोखाड्याला गेली. भाऊजी आश्रमशाळेत शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर माणसे पुण्याला किंवा नाशकाला फ्लॅट घेतात. भाऊजींनी एक जुनी डिझेल जीप घेतली आणि मोखाड्यालाच राहिले. "इतकी वर्षे मुलांना शिकवले, आता त्यांच्या आईबापांना दवाखान्यात पोचवीन," एवढेच कारण त्यांनी सांगितले.

ज्यांनी हा मुलूख पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. जव्हार हे मुकणे घराण्याचे जुने कोळी संस्थान. १९४८ साली ते मुंबई प्रांतात विलीन झाले. जयविलास राजवाडा आजही तिथे उभा आहे, आणि शिवाजीमहाराज सुरतेच्या वाटेवर जिथे थांबले असे सांगतात, ते शिरपामाळही तिथेच आहे. मोखाडा त्याच्या पूर्वेला. २०१४ साली ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा हे दोन्ही तालुके त्यात गेले. मुलूख डोंगराचा, वस्ती वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी लोकांची, पाड्यापाड्यांतून विखुरलेली. पावसाळ्यात इथे आभाळ फाटते, आणि चैत्र उजाडला की बायाबापड्या हंडाभर पाण्यासाठी कोसभर चालतात. या दोन वाक्यांतला विरोध लक्षात ठेवा. जीपच्या दुखण्याचे मूळ तिथेच सापडले.

भाऊजींची जीप म्हणजे वाहन कमी आणि सार्वजनिक संस्था अधिक. सर्पदंश, अडलेली बाळंतीण, बोहाड्याच्या सोंगांचे मुखवटे, रेशनचे तांदूळ, परीक्षेला निघालेली पोरे, सगळे तिच्यातून जाते. चालवायला भाऊजींचाच एक जुना विद्यार्थी आहे. तो भाऊजींना गुरुजी म्हणतो आणि जीपला ‘आपली म्हातारी’.

तोरंगण घाटात

गेल्या चैत्रातली गोष्ट. एका पाड्यावरची पहिलटकरीण अडली. "नाशिकला हलवा," असे डॉक्टरांनी सांगितले. रुग्णवाहिका आधीच एका रोग्याला घेऊन गेलेली होती. साहजिकच म्हातारी निघाली. मोखाड्याहून त्र्यंबकेश्वराकडे जाताना तोरंगणचा घाट लागतो. त्याच्या ऐन चढावर बॉनेटखालून वाफेचा लोट उठला, काटा तांबड्यात जाऊन टेकला आणि इंजिन एक उसासा टाकून बंद पडले.

पोराने धावाधाव करून कुठून तरी अर्धा हंडा पाणी आणले. रेडिएटरमध्ये ओतले तर ते बुडबुडत वर आले. वीसेक मिनिटांनी मागून एस.टी. आली. कंडक्टरने मधली दोन बाके रिकामी करून दिली आणि पोरगी नाशकाला पोचली. तिला मुलगी झाली, दोघी सुखरूप. पण त्या रात्री अक्काचा फोन आला. "हे जेवले नाहीत. ‘एस.टी. आली नसती तर?’ एवढेच म्हणतात आणि गप्प बसतात. तू ये बाबा."

जाण्याला माझ्यापाशी आणखी एक कारण होते. दोन दिवाळ्यांपूर्वी हीच जीप अशीच उकळली होती, तेव्हा मीच पुढाकार घेऊन ती शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपात नेली होती. तिथल्या काचेच्या केबिनवर आणि टाय लावलेल्या मॅनेजरवर माझा विश्वास बसला. त्यांनी ‘संपूर्ण हेड’ केले, ३८ हजारांचे बिल दिले आणि सहा महिन्यांची हमी दिली. हमी संपली, आणि वर्षभरात हेडही संपले.

मी कसारा-खोडाळ्याच्या वाटेने मोखाड्याला पोचलो, तेव्हा अक्का ओट्यावर तांदूळ निवडीत बसली होती. ती खडे पाहून काढीत नव्हती, बोटांनी चाचपून काढीत होती. मी समोर उभा राहिलो तरी आवाज ऐकल्यावरच तिने मान वर केली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एक पुरता पिकलेला. "वैशाखात नाशिकला ऑपरेशन करायचे ठरले आहे," ती म्हणाली. "त्याचे ३५ हजार डब्यात वेगळे ठेवलेत."

संध्याकाळी भाऊजी मला अंगणात घेऊन गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "डोळे सहा महिने थांबतील रे. जीप थांबणार नाही." मी काय बोलणार? डब्यातल्या पैशांवर जीपने हात टाकला होता, आणि त्या चोरीतला अर्धा वाटा माझा होता.

दोन पक्ष

मी आधी त्या वर्कशॉपला फोन लावला. उत्तर तयार होते: "साहेब, पुन्हा संपूर्ण हेड करावे लागेल. आता भाव वाढले, ४२ हजार धरा."

मग चिरंजीवांना फोन लावला. ते अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहेत, त्यामुळे त्यांना सर्व काही ठाऊक असते. ते म्हणाले, "बाबा, हेडबिड काही करू नका. बोल्ट काढून स्टड टाका. अमेरिकेत एका मोठ्या पिकअप गाडीच्या डिझेल इंजिनाचे हेड असेच उचलले जायचे. लोकांनी बोल्टांऐवजी स्टड घातले आणि कटकट मिटली."

म्हणजे एक वैद्य सांगतो पोट फाडा, दुसरा सांगतो ताईत बांधा. आणि गंमत अशी, की दोघांपैकी एकानेही रोग्याची नाडी पाहिली नव्हती.

तिसरा वैद्य जव्हारला भेटला. ट्रकच्या मागे दोर बांधून आम्ही जीप तिथे नेली. आंब्याच्या झाडाखाली पत्र्याची शेड आणि आत साठीचे एक मिस्त्री, चष्म्याची काडी सुतळीने बांधलेली. त्यांनी आधी चहा सांगितला आणि मग भाऊजींना विचारले,

"गुरुजी, मागच्या वेळी पॅकिंग कुठे फुटले होते? कोणत्या दोन सिलिंडरांच्या मध्ये?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिले. मी खिशातून बिल काढून दाखवले.

"बिल नको साहेब. जुने पॅकिंग मागून घ्यायचे असते. दाताचा डॉक्टरसुद्धा उपटलेला दात दाखवतो."

मी खाली पाहू लागलो.

हेड म्हणजे काय?

आता थोडे शास्त्र. घाबरू नका, कुकर चालवणाऱ्या कोणालाही हे समजेल. इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक. त्यात सिलिंडर असतात आणि त्यांत दट्टे वरखाली होतात. त्यावरचे झाकण म्हणजे हेड. कुकरच्या झाकणाला जशी रबरी रिंग असते, तसे हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये पॅकिंग असते. फरक इतकाच, की कुकरच्या रिंगेला नुसती वाफ अडवायची असते. या पॅकिंगला आग, पाणी आणि तेल अशा तीन शत्रूंना शेजारी शेजारी ठेवून एकमेकांना भेटू द्यायचे नसते.

जोर केवढा? सिलिंडरचा व्यास ९० मिलिमीटर धरा आणि स्फोटाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ७० किलो. हिशेब केला तर प्रत्येक स्फोट हेडला सुमारे साडेचार टनांच्या बळाने वर ढकलतो. इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांनी चालले, तर एकेका सिलिंडरात असे १,००० धक्के दर मिनिटाला बसतात. हे सर्व दाबून धरतात ते हेडचे बोल्ट.

आणि बोल्ट धरतो कसा? आपल्याला वाटते, आटे अडकले म्हणून. मिस्त्री म्हणाले, "बोल्ट ही स्प्रिंग आहे साहेब. आवळला की तो किंचित लांब होतो, आणि परत आखूड व्हायला बघतो. त्या धडपडीत हेड दाबले जाते. हद्दीबाहेर ताणला की स्प्रिंग मेली. मग तो दिसतो बोल्ट, पण असतो खिळा."

हेड तापले म्हणजे काय होते तेही त्यांनी सांगितले. हेड अॅल्युमिनियमचे, बोल्ट पोलादाचा. उष्णतेने अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. गाडी उकळली की फुगलेले हेड बोल्टाला हद्दीबाहेर ओढते, आणि निवाल्यावर ताणलेला बोल्ट सैल राहतो. दुसऱ्या दिवशी गाडी चालते, माणूस खूश होतो, आणि महिन्याभरात पॅकिंग फुटते.

मोजमाप

मिस्त्रींनी हेड उतरवायला घेतले तेव्हा मला वाटले, आता भराभर बोल्ट निघतील. तसे झाले नाही. बाहेरून आतल्या क्रमाने एकेक बोल्ट त्यांनी टॉर्क पान्याने सैल केला, आणि प्रत्येकाला किती जोर लागला ते खडूने पत्र्यावर लिहिले. दोन बोल्ट असे निघाले, की लोणच्याच्या बरणीचे झाकण बरे. हेड उचलल्यावर दिसले, की पॅकिंग दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मध्ये फुटले आहे आणि ते दोन ढिले बोल्ट नेमके त्याच्या दोन बाजूंचे आहेत.

सगळे बोल्ट काचेवर उभे केले. ते दोन आपल्या भावंडांपेक्षा उंच होते आणि कमरेत बारीक झालेले होते. त्यांच्या भोकांत टॅप फिरवला तर ब्लॉकच्या आट्यांचा काळा चुरा बाहेर आला.

मग हेडची पाळी. ते उलटे ठेवून त्यावर पोलादी सरळ पट्टी उभी, आडवी आणि तिरकी धरली. पट्टीखाली फिलर गेजचे ०.०५ मिलिमीटरचे पाते सरकते का ते पाहिले. हे पाते माणसाच्या केसाहून बारीक असते. ते कुठेच गेले नाही. "अशा हेडाला साधारण ०.१० पर्यंत वाक चालतो, नक्की आकडा पुस्तकात बघावा," मिस्त्री म्हणाले. ब्लॉकचा माथाही तसाच तपासला. नंतर हेड आडवे करून वॉल्व्हच्या पोकळ्यांत रॉकेल ओतले आणि अर्धा तास बिड्या ओढल्या. वॉल्व्हच्या तोंडाशी एक थेंब झिरपला नाही.

"हेड चांगले आहे," ते म्हणाले. "मागच्यांनी काम वाईट केले नव्हते. फक्त जे बिघडले होते ते सोडून बाकीचे केले."

हे वाक्य ऐकून मला ३८ हजार रुपये डोळ्यांसमोर दिसले.

संपूर्ण हेड करणे म्हणजे वॉल्व्ह काढणे, गाईड बदलणे, सीट कापणे, वॉल्व्ह घासून बसवणे, नवे सील घालणे आणि हेडचा तळ यंत्रावर घासून सपाट करणे. हे काम चांगले आहे, पण ते हेडवरचे औषध आहे. जे हेडला धरून ठेवते, त्या बोल्टांना आणि ब्लॉकच्या आट्यांना त्याचा स्पर्शही होत नाही. शिवाय प्रत्येक घासणीत थोडा धातू जातो, आणि हेड किती पातळ व्हावे याला मर्यादा असते. विनाकारण घासलेले हेड म्हणजे विनाकारण खर्च केलेले आयुष्य.

"मग स्टडच टाकायचे ना?" चिरंजीवांचा विजय झाला असे वाटून मी विचारले.

"थांबा. एक गोष्ट मी बघू शकलो नाही. आत चीर असली तर डोळ्याला दिसत नाही. जे दिसत नाही, ते नाही असे म्हणू नये. नाशिकला प्रेशर टेस्ट करून आणा."

डोके घेऊन प्रवास

अशा रीतीने मी जीपचे डोके गोणपाटात गुंडाळून जव्हार-नाशिक एस.टी.त बसलो. कंडक्टरने बुटाने गोणपाट चाचपले. "काय आहे?"

"हेड आहे," मी म्हणालो.

"कोणाचे?"

समोरच्या बाकावरची म्हातारी उठून मागे जाऊन बसली. मी घाईघाईने सारा इतिहास सांगितला. तोरंगणचे नाव ऐकताच कंडक्टर म्हणाला, "गुरुजींच्या जीपचे का? मग सांभाळून ठेवा." आणि त्याने ते स्वतः उचलून आपल्या सीटजवळ ठेवले.

नाशिकला हेडच्या पाण्याच्या वाटा बंद करून त्यात हवा भरली आणि ते गरम पाण्यात बुडवले. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर काढतात तसेच. एकही बुडबुडा आला नाही. परतताना मिस्त्रींच्या चिठ्ठीप्रमाणे औद्योगिक मालाच्या दुकानातून स्टड घेतले. चिठ्ठीवर आकाराबरोबर ‘१०.९’ असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. पहिला आकडा पोलाद किती ताणाला तुटेल ते सांगतो: १० म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे १,००० न्यूटन. दुसरा सांगतो, की त्याच्या नऊ दशांश ताणापर्यंत ते कायमचे लांबणार नाही. "साध्या सळईला लेथवर आटे पाडून देतो म्हणणारे भेटतील," मिस्त्रींनी बजावले होते. "नमस्कार करून पुढे जा."

बोल्ट आणि स्टड

बोल्ट आणि स्टड यांत फरक काय? मिस्त्रींनी खांद्यावरचा ओला पंचा काढला आणि एक टोक माझ्या हाती दिले. आधी पिळत पिळत ओढला. मग न पिळता सरळ ओढला. "पहिला बोल्ट, दुसरा स्टड."

बोल्ट ब्लॉकच्या आट्यांत फिरत फिरत आवळला जातो, त्यामुळे त्याला ताण आणि पीळ दोन्ही सोसावे लागतात. हाताने लावलेल्या जोरातला शंभरातला नव्वद हिस्सा घर्षणातच जातो आणि जेमतेम दहा हिस्से बोल्ट ताणायला उरतात. आट्यांत गंज किंवा चुरा असला तर तेवढेही उरत नाहीत. टॉर्क पाना ‘टक’ वाजून सांगतो, झाले. पण झालेले काहीच नसते.

स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेली सळई. तिचे एक टोक ब्लॉकमध्ये नुसत्या हाताने शेवटपर्यंत बसवायचे, जोराने नव्हे. ते तिथे स्थिर राहते. वरून हेड बसते, आणि फिरतो तो फक्त वरचा नट. ब्लॉकचे आटे घासले जात नाहीत. झीज होते ती नटाची, आणि नट स्वस्त. ही काही नवी विद्या नव्हे. आपल्याकडच्या जुन्या अॅम्बॅसॅडरच्या इंजिनाचे हेड स्टड-नटांनीच बसवलेले असे, आणि ज्या घरांत व्हेस्पाच्या धर्तीची जुनी स्कूटर होती, तिचे हेडही चार स्टडांवरच असे.

मात्र चिरंजीवांना वाटले तसा स्टड हा ताईत नव्हे. फुटलेले पॅकिंग तो सांधत नाही, वाकलेले हेड सरळ करीत नाही, चीर बुजवत नाही. ज्या गाडीत इंजिनावर जागा नाही, तिथे स्टडांवरून हेड सरळ वर उचलताच येत नाही आणि पुढच्या वेळी सगळे इंजिन बाहेर काढावे लागते. पुष्कळ नव्या मोटारींना एकदाच वापरायचे बोल्ट असतात. ते अंशांच्या मापाने आवळतात आणि उघडले की फेकतात. तिथे पुस्तक सांगेल ते करावे, शहाणपण करू नये.

आमच्या जीपच्या बाबतीत दुखणे धरणाऱ्यात होते, म्हणून औषधही तिथेच. दोन खराब भोकांत पोलादी तारेच्या स्प्रिंगेचे नवे आटे बसवले. सगळी भोके हवेने कोरडी केली. भोकात तळाशी पाणी किंवा तेल राहिले तर ते दबत नाही आणि ब्लॉकच फोडते. मग स्टड, नवे पॅकिंग, हेड, कठीण वॉशर, नट. मधून सुरुवात करून कडेला जात, तीन फेऱ्यांत थोडे थोडे आवळले. पाहायला आलेली अक्का आवाजावरून ओळखून म्हणाली, "पापड लाटताना मधून कडेला जातो तसेच की!" मिस्त्री म्हणाले, "बाई, तुम्हाला कामावर ठेवतो."

पाणी

इंजिन सुरू होईल म्हणून मी पुढे सरसावलो. मिस्त्रींनी किल्ली खिशात टाकली. "ताणले का गेले, ते अजून कळले नाही. नवे स्टडसुद्धा उकळत्या भांड्यावर किती दिवस बसतील?"

त्यांनी रेडिएटर उतरवला आणि वरून बादलीभर पाणी ओतले. खालून धो धो यायला हवे ते करंगळीएवढी धार धरून आले, आणि तेही तांबडे. अर्ध्याहून अधिक नळ्या मातीने आणि क्षाराने बुजल्या होत्या.

मी ड्रायव्हर पोरावर उखडलो. "असले गढूळ पाणी घातलेस कशाला? अक्कल नाही? तुझ्यामुळे हे सगळे!"

तो खाली मान घालून म्हणाला, "साहेब, झऱ्यातले होते. बायांनी रात्रभर बसून वाटीवाटीने भरलेले. घाटात त्या दिवशी दिला, तो अर्धा हंडा त्यांचा प्यायचा होता."

शेडमध्ये कोणी काही बोलले नाही. मी ज्याला गढूळ म्हणत होतो, ते लोकांचे प्यायचे पाणी होते, आणि तेही त्यांनी अर्धे दिले होते. मी दादरला राहतो. माझ्या नळाला वैतरणेचे पाणी येते. मध्य वैतरणेचे मोठे धरण याच मोखाडा तालुक्यात, कोचाळ्याजवळ आहे. तिथून निघालेले पाणी माझ्या तिसऱ्या मजल्यापर्यंत येते, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यावर चैत्रात झरे उकरावे लागतात. जीपचे बोल्ट का ताणले, या प्रश्नाचा माग असा माझ्या घरच्या नळापर्यंत आला.

मी त्या पोराची क्षमा मागितली. तो फार अवघडला, म्हणून मिस्त्रींनीच त्याला रेडिएटर उचलायला सांगून सोडवले. रेडिएटरच्या टाक्या उघडून नळ्यांत सळई फिरवली, पंख्याचा पट्टा बदलला, आणि साध्या पाण्याऐवजी गंज न धरणारे तयार कूलंट भरले. सर्व मिळून बिल झाले १७,४०० रुपये. माझ्या हट्टाचे प्रायश्चित्त म्हणून ते मी दिले. भाऊजी रागावले, अक्का रागावली नाही. ५०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासून घ्यायला मिस्त्रींनी बोलावले होते, तेही आम्ही केले.

निघताना मी त्यांना विचारले, "मग संपूर्ण हेड केव्हा करायचे?"

त्यांनी बोटे मोजली. "पट्टीखाली पाते गेले तर. टेस्टमध्ये चीर निघाली तर. रॉकेल झिरपले तर. निळा धूर येतो आणि तेल वॉल्व्हवाटे उतरते असे कळले तर. तेव्हा स्टड-बिड सांगणाऱ्याचे ऐकू नका, हेडच करा. आणि दोन्ही बिघडले असेल तर दोन्ही करा. पण आधी मोजा. मोजायला पैसे थोडे लागतात, न मोजायला फार."

ज्यांच्या दारात मोटार आहे त्यांनी एवढे तरी विचारावे: पॅकिंग कुठे फुटले, हेड सरळ आहे का, आटे आणि बोल्ट ठीक आहेत का, आणि मुळात गाडी तापली कशाने? चारही उत्तरे मिळाल्यावर बिलाची गोष्ट.

वैशाखाच्या अखेरीस म्हातारीतूनच आम्ही अक्काला नाशिकला नेले. तोरंगणच्या चढावर भाऊजी, मी आणि तो पोर असे तिघेही रस्ता सोडून काट्याकडे पाहत होतो. काटा मधोमध बसून होता. ऑपरेशन नीट झाले. पट्टी सुटल्यावर परतताना घाट उतरला आणि अक्का एकदम म्हणाली, "ते बघा, पाड्यावरच्या बाया हंडे घेऊन चालल्यात. पाचजणी आहेत. शेवटचीच्या डोक्यावर दोन."

आम्ही पाहिले. खरोखरच पाच होत्या.

पोराने जीप थांबवली. मागे दोन कॅन होते. एकात कूलंट. ते विषारी असते, म्हणून त्यावर त्याने तांबड्या रंगाने मोठी फुली मारली होती. दुसऱ्यात नाशिकहून भरून आणलेले प्यायचे पाणी. दुसरा कॅन उचलून तो उतरला आणि त्या बायांच्या दिशेने चालू लागला.

"हे काय?" मी विचारले.

"उसने घेतले होते," भाऊजी म्हणाले. "नाशिकहून येताना दर खेपेला फेडतो. अर्धा हंडा केव्हाच फिटला, पण तो मोजत नाही."